साप न्हवताच, आये

आये, तुला पान लागलं न्हवतं. एवढं एक वाक्य कागदावर मांडायला मला पंचावन वर्षं लागली. साप चावला असं थेट म्हणायचं न्हाय, पान लागलं म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. पण तुला ना साप चावला ना पान लागलं, आणि तरी घरानं, गावानं आणि म्या, सगळ्यांनी मिळून तुझ्या मरणावर एक साप आणून सोडला. तू गेलीस तवा मी दहा वर्षांची. आता माझ्या लेकीची लेक तेरा वर्षांची हाय, आणि तिच्याच वहीतली पानं मागून घेऊन मी लिहायला बसलेय. तिसरीपातुर शिकले, त्यातली निम्मी अक्षरं शेळ्यांमागं सांडली, राहिलेली बचतगटाच्या बाया सही करायला लावतात म्हणून टिकली. शुद्धलेखन बघू नगंस. तुला तरी कुठं वाचता येत होतं. खरं तर आज मी लई खूश हाय. तुझी नात, म्हंजी माझी येडशीला दिलेली लेक, वाचली. तेच सांगायला बसले. पण आनंदाचं सांगायला तोंड उघडलं की आधी संतापच बाहेर पडतोय, त्याला मी तरी काय करू.

तुझं दुखणं आठवतं तसं सांगते, चुकलं तर चुकलं. तू बारीक होत चाललीस. भाकरी थापता थापता मधीच पोट दाबून बसायचीस, परातीत पीठ तसंच वाळायचं. परसाकडनं आलीस की तोंड पांढरंफटक. लुगड्याला रगत लागलेलं असायचं आणि ते तू हिरीवर एकटीच जाऊन धुवायचीस. एकदा मी मागनं आले तर म्हणालीस, "पाळी हाय. जा घरी." सदानकदा कसली पाळी, एवढं मला त्या वयात कळत न्हवतं. तुझ्या सासूला मातर कळत होतं. ती ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "हिच्या आईला बी हेच, हिच्या भावाला बी हेच. कसलं पाप घेऊन आलीया घरात!" बघ आये, त्या म्हातारीला ठाऊक होतं! तुझी आई, तुझा भाऊ आणि तू, तिघांची गणती तिच्या जिभेवर होती. आज दवाखान्यातली डॉक्टरीणबाई खोदून खोदून जे काढती ते आजी ओट्यावर बसून रोज गावाला ऐकवत होती, आणि एका माणसाच्या डोक्यात आलं न्हाय की हे पाप न्हाय, दुखणं हाय. तुझी वळकटी शेळ्यांच्या खोपीत टाकली. आल्मिनची ताटली येगळी काढली. अंगारे आणले, लिंबू उतरवलं, कुणाच्या तरी सांगण्यावरून बिब्ब्याचा डाग दिला. आणि दादानं, माझ्या बापानं, काय केलं? दादानं शेळ्या राखल्या.

दहावा झाला आणि आजीनं फर्मान काढलं. "पोरगी उजवायचीया. असलं रगत हाय म्हणलं तर दारात कोण उभं करील? पान लागलं म्हणायचं." झालं. जी माणसं तुझ्या खोपीवरनं नाकाला पदर लावून जात होती तीच दुसऱ्या महिन्यात मान हलवून सांगाया लागली, "व्हय, खोपीतच लागलं पान, बिचारी." माझं लगीन परंड्याकडं जमलं ते त्या सापाच्या जिवावर. आणि मग तो साप मीच सांभाळला. सासूला सांगितला, जावंला सांगितला, लेकरं इचाराया लागली तवा लेकरांना सांगितला. दर खेपंला तो वाढत गेला. आधी नुसता साप होता, मग पिवळसर झाला, मग नांदंखाली त्याला बीळ झालं, मग तू शेळी सोडवायला वाकलीस आणि त्यानं पोटरीला डसलं. माझा ल्योक ल्हानपणी खोपीत जायला भ्यायचा. नसलेल्या सापाला, आये. आणि जे खरंखुरं त्याच्या आतड्यात बसलं होतं त्याचा त्याला पत्त्या न्हवता.

मधी एक सांगते, न्हायतर इसरंन. वाशीच्या शेळीबाजाराचा दिवस आठवतो का? दादा चारा बघायला गेलाय, तू मला म्हणालीस, शेळीच्या ह्या पाच पाटींतली एक पसंत कर, बघू तुला कळतंय का. मी लगीच एका काळ्याभोर पाटीच्या गळ्यात हात घालते. कान पांढऱ्या ठिपक्यांचे, नजर कशी चकचकीत. आणि तू सगळ्या बाजारात माझ्या टाळक्यात टपली हाणतीस. "रूप काय बघतीस? हिची आय बघितली का? आय किती करडं देती, किती दूध देती, काय होऊन मेली, इचारलंस का त्या माणसाला?" मी रडवेली होऊन इचारते. तो माणूस डोकं खाजवून सांगतो, आय फुगून मेली, आयची आय बी फुगूनच मेली. तू ती पाटी घेतली न्हाईस. म्हणालीस, "आयचं उतरतंय, बाई. उतरल्याबिगर ऱ्हात न्हाय." तवापासून म्या आयुष्यात शेळी घेतली ती तिच्या आयची चौकशी करून. पण मला तुझा राग येतोय तो हितंच. शेळीच्या आयचं इचारायला शिकवलंस आणि तुझी आय कशानं गेली ते एका शब्दानं सांगितलं न्हाईस. तुला ठाऊक होतं ना? बाजारात ती टपली हाणली तवा तुझं रगत चालू झालं होतं का? हिशेब लावते तर वाटतं, झालं असंल.

आता लेकाचं. दीड वर्सामागं त्याला परसाकडंला रगत जायला लागलं. चाळीस पुरी झाली न्हवती. चौकातल्या डॉक्टरनं बघितलं न बघितलं केलं आणि म्हणाला, मूळव्याध. मिरची बंद, ताक चालू. आठ म्हैने ताक! तोंडानं ताक आणि खालून रगत, आणि माझा पोतं उचलणारा गडी जिना चढताना धापा टाकाया लागला. मी दर आठवड्याला इचारायची, "आरं, पोट का दुखतंय मग?" तर तो डॉक्टरचंच पाठ केलेलं म्हणायचा, "आई, मूळव्याधीत दुखतंय थोडं." तू पोट दाबून बसायचीस ते माझ्या डोळ्याम्होरं यायचं, आणि मी ते डोळ्याम्होरनं हाकलायची. मग सोयाबीनच्या राशीवर तो भवळ येऊन पडला तवा सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेला. उजव्या अंगाला मोठ्या आतड्यात गाठ. कापून काढली. तिथं एक तरणा डॉक्टर फॉरम भरत होता. "घरात कुणाला कॅन्सर झाला होता का?" ल्योक म्हणाला, न्हाय. तो खोटं बोलला न्हाय, आये. आपल्यात घर म्हणलं की बापाचं घर. आईकडची माणसं घरात मोजायची असतात हे त्याला कुणी शिकवलंच न्हवतं. मग त्यानं माझ्याकडं मोहरा वळवला. "आजी, तुमची आई कशानं गेली?" आणि मी, पोटचा गोळा आत टाके घालून पडलेला असताना, सरावानं बोलून गेले, "पान लागलं." त्यानं लिहून घेतलं.

ते कापलेल्या गाठीची बी तपासणी करतात, हे मला कुठं ठाऊक! माणूस लपवतो, गाठ लपवत न्हाय. दोन म्हैन्यांनी डॉक्टरीणबाईनं आमा दोघांना बोलावलं. बारीक अंगाची, चष्म्याची, आवाज मातर खणखणीत. म्हणाली, "गाठीत आम्हाला एक बिघाड दिसला. वय कमी, गाठ उजव्या बाजूला, आणि हा असा बिघाड. हे तिन्ही एकत्र आलं की आम्हाला शंका येते की दुखणं वारशानं आलंय. म्हणून रक्तही तपासलं, आणि त्यातही तो आहे. मला तुमच्या घरातली सगळी माणसं सांगा." ल्योक खुलला. "मॅडम, आमचा हेळवी येतो की दरसाल, बैल घेऊन. सात पिढ्या वाचून दाखवतो. सगळे म्हातारे होऊन गेलेत, कुणाला कायबी न्हाय."

"बरं. त्यात तुमची आजी आहे? पणजी आहे? आईकडची कुणी?"

"हेळव्याच्या पोथीत बाया कशाला असतील?"

"मग ती अर्धीच पोथी झाली," डॉक्टरीणबाई म्हणाली. कागद घेतला, एक चौकोन काढला, म्हणाली हा तुम्ही. वर एक चौकोन, एक गोल. "चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. हा गोल तुमची आई, इथं बसलीये ती. आता आजी, तुमच्या वरचा गोल सांगा. साप चावला असं लिहिलंय इथं."

मी पंख्याकडं बघितलं. पंखा फिरत होता. ल्योक माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, "मॅडम, साप न्हवता."

"कसला साप नव्हता?"

"कसलाच."

आणि मग धरणाचं दार उचलल्यावानी झालं. तू, तुझी आई, तुझा भाऊ. तुझी धाकली बहीण, माझी मावशी, पस्तिशीत अंगावरनं जाऊन जाऊन मेली ती बी सांगितली. मला वाटलं तिचं येगळं, पर डॉक्टरीणबाई म्हणाली वेगळं नाही, ह्याच बिघाडानं बायकांच्या पिशवीचाही कॅन्सर होतो. ती गोल काढत गेली, गोलावर तिरकी रेघ मारत गेली. रेघ म्हंजी माणूस मेलेलं. वय इचारलं की मी अंदाजानं सांगायची, "हिच्या मी कडंवर बसायची, तवा असंल तिशीची." कागद भरला. ल्योक एवढंच म्हणाला, "आई, मला तरी सांगायचं." तेवढं वाक्य मला अजून पचलं न्हाय.

हे काय असतं ते मला तिनं समजावलं, तुला सांगते. आपल्या अंगात रोज नवं मांस तयार होतं, जुन्याची नक्कल करून. नक्कल करताना टाके चुकतात, सगळ्यांचेच चुकतात. मी म्हणाले, वाकळ शिवल्यावानी? म्हणाली, अगदी. तर शिवणाऱ्या बाईच्या मागनं एक बाई चुकलेला टाका उसवून नीट करत येती. आपल्या घरात ती मागची बाई जल्मापासून अर्धी आंधळी. तिची राहिलेली नजर बी गेली की चुकीवर चूक चढती आणि गाठ होती. आईकडनं येतं, बापाकडनं बी येतं, आणि दर लेकराला यायचं निम्मं, न यायचं निम्मं. मी म्हणाले, "व्हय की, दोन करडांत एखाद्यालाच आयचे कान येतात. माझी आई बाजारात हेच सांगायची, आयचं उतरतंय." डॉक्टरीणबाई हसली. "तुमच्या आईला कळत होतं मग." आये, तुझ्याबद्दल हे असं बोललेलं म्या जल्मात पैल्यांदा ऐकलं. पाप न्हाय, करणी न्हाय, देवीचा कोप न्हाय. एक बारका टाका. तेवढ्यासाठी तुला शेळ्यांत झोपवलं! माझं बी रगत घेतलं, माझ्यात बी ते निघालं. पासष्ट वर्सं अंगात घेऊन हिंडले आणि मला काय झालं न्हाय, नळी घालून बघितलं तर आतडं कोरं. असं बी होतं म्हणे. तुला झालं, मला न्हाय, माझ्या लेकाला झालं. ह्याचा बी राग येतो. मधी मी कशाला सुटले?

ऱ्हायली लेक. तिला फोन लावून सगळं सांगितलं तर ती फोनवर कुजबुजती. "आई, हळू बोल, सासूबाई भाईर बसल्यात. मला न्हाय यायचं कुठं तपासायला."

"अगं भावाला बघितलंस ना?"

"बघितलं. पर माझी पोरगी तेरा वर्सांची हाय. पाच-सात वर्सांत स्थळं बघावी लागतील. ह्या घरात असलं रगत हाय कळलं तर? तूच सांगितलंस ना लोकांना, पान लागलं म्हणून? तुझं लगीन झालं. माझं झालं. मग आता मला कशाला खरं बोलायला लावतीस?"

माझाच साप तोंडाला आला. दुसऱ्या दिवशी एसटीत बसले आणि येडशी गाठली. वाटंतल्या रामलिंगाच्या देवळाकडं बघून हात सुदिक जोडला न्हाय, एवढी तणतणत होते. इहीण ओट्यावर तुरीची डाळ पाखडत बसलेली. धिप्पाड बाई, तोंडानं तिखट. लेकीनं आतनं नगं नगं म्हणून हात केला. म्या पायावर पाणी बी न घेता सगळं सांगितलं. तुझ्यापासून लेकापातुर, सापासकट.

इहीण सूप खाली ठिवून म्हणाली, "इहीणबाई, लगीन लावताना घराणं सांगितलंत. आतडी न्हाय सांगितली."

"तुमी तरी इचारलीत का?" माझा आवाज समदी आळी ऐकंल एवढा चढला. "शेळी आणताना तिच्या आयची आय इचारता आणि सून आणताना नुसता बाप इचारलात! आता काय करणार हाय, खोपीत टाकणार हाय का तिला? आल्मिनची ताटली हाय का घरात? नसंल तर मी आणते. माझ्या आईची हाय."

तिनं सूप परत उचललं. मला वाटलं आता सुपातली डाळ तोंडावर येती. लेक उंबऱ्यात दोन्ही हातांनी चौकट धरून उभी. मग इहीण म्हणाली, "खोपीत टाकायला तुमची लेक म्हंजी काय शेळी हाय? माझ्या नातीची आई हाय ती." आणि लेकीवर खेकसली, "कवा जायचं हाय गं सोलापूरला? मी येते संगं. आणि ह्यास्नी पाणी दे आधी, आल्यापासून वराडत्यात."

तर आये, रगतात निघालं. लेकीत बी हाय. मग दुर्बीण. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते पाणी प्यावं लागतं, तांबेच्या तांबे. लेक तोंड वाकडं करती आणि इहीण पुढ्यात बसून दम देती, "पी. सासरी आल्यापासून पैल्यांदा सासूच्या हातचं फुकट मिळतंय." आतड्यात दोन मस निघाले, चामखिळीएवढे. नळीतनंच खुडून काढले. टाका न्हाय, कापाकापी न्हाय. तपासले तर कॅन्सर न्हवता, व्हायच्या वाटंवर होता. दरसाल येऊन दाखवायचं, पिशवीची बी तपासणी करत ऱ्हायची, बाकी खावा-प्यावा-नांदा म्हणाली डॉक्टरीणबाई. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हसले का रडले ते इहिणीला इचार. ती म्हणती दोन्ही. एवढंसं काम, आये! दोन मस. तुझे बी कधीतरी एवढेच असतील. तवा असली नळी न्हवती हे मला कळतं, मी एवढी येडी न्हाय. पण मांडीवर डोकं घ्यायला कुठं नळी लागती?

नातीला बी आता सगळं ठाऊक झालंय. तिचं रगत ती मोठी झाल्यावर, अठरा पुरी झाल्यावर, तिला इचारून बघायचं. काल तिनं तो डॉक्टरीणबाईचा कागद मांडीवर घेतला, गोलांवरनं बोट फिरवलं, तुझ्या गोलावर थांबली आणि म्हणाली, "आजी, म्हंजी साप खरंच न्हवता?" म्या म्हणलं, न्हवता गं. ती जरा हिरमुसली. तिला ती गोष्ट लई आवडायची.

आणि खरं सांगू, मला बी आवडायची. हे पत्र मी कुठं टाकणार हाय, त्या कागदासंगं दवाखान्याच्या फाईलीत घालून ठिवीन, म्हणून लिहिते. सापाच्या गोष्टीत तू एका दुपारी जातीस. मी शाळंतनं पळत येते, तुझं डोकं मांडीवर घेते, तांब्यानं पाणी पाजते, तू माझ्याकडं बघत जातीस. दरवेळी मी अशीच सांगायची, आणि पाणी पाजायला आले की मी खरंच रडायची. खऱ्यात तू मरायला दोन दिवाळ्या लावल्यास. खऱ्यात आजी म्हणायची, जवळ जाऊ नगंस, लागंल तुला बी, आणि मी तुझी ताटली शेळ्या हाकायच्या काठीनं आत सरकवायची. मला ते करायला आजीनं लावलं, असं म्या डॉक्टरीणबाईला सांगितलं, लेकीला सांगितलं, इहिणीला सांगितलं. शेवटच्या दिसांत आजी गावाला गेली होती, आये. घरात कुणी न्हवतं. तरी म्या काठीच घेतली.